विमलताई एकट्या सौंसरला जातात

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून संत्र्यांच्या हातगाडीआड उभा होतो. फक्त डोळे उघडे. जिच्यापासून लपत होतो ती बाई समोरच सौंसरच्या बसची वाट पाहत होती, आणि तिला दिसत नव्हतं.

हा वेडेपणा आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझा विचार असा होता : विमलताईंना मी दिसणार नाही, बाकीच्या गावाला दिसेन. पांढुर्ण्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. अर्ध्या गावाच्या नाकावर माझे चष्मे आहेत, त्यामुळे ती माणसं मला लांबूनही ओळखतात. कोणी "सुधाकरभाऊ!" म्हणून हाक मारली की संपलं. कारण त्या रविवारी मी तिथे नव्हतोच. मी दुकानात बसलो होतो. तसा शब्द दिला होता.

"भाऊ, संत्रं घ्याचं असन तं घ्या," हातगाडीवाला म्हणाला, "नाही तं बाजूले सरका. तुमाले पाहून गिऱ्हाईक भेऊन राहिलं."

मी एक संत्रं घेतलं आणि तिथेच उभा राहिलो.

विमलताई सोमकुंवर नगरपालिकेतून निवृत्त झाल्या आहेत. नोकरीभर त्यांनी घरोघर जाऊन पाणीपट्टी वसूल केली. त्या दारात आल्या की लोक मागच्या दारानं निघून जायचे, आणि ताई आधीच मागच्या दाराशी जाऊन उभ्या असायच्या, असं लोक अजून सांगतात. निवृत्तीनंतर त्यांची नजर काचबिंदूनं गेली. काचबिंदू म्हणजे डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकते. बहुतेक वेळा दुखत-खुपत काही नाही. आधी कडेकडेचं दिसेनासं होतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. लागतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि गेलेली नजर चष्म्यानं परत येत नाही.

हे शेवटचं वाक्य दुकानात मला वरचेवर बोलावं लागतं. बोलून झाल्यावर ते माणूस चाचपडत पायऱ्या उतरतं आणि त्याची नजर मीच काढून घेतली, असं मला वाटत राहतं. बायको म्हणते, "तुम्हाला दुसऱ्याच्या घरचं दूध नासलं तरी अपराधी वाटतं." खरं आहे. त्यातूनच मी नागपूरच्या एका संस्थेत ट्रेनिंग घेतलं आणि स्वयंसेवक झालो. काम सोपं सांगायचं तर असं : नजर परत आणायची नाही, नजरेशिवाय स्वतःचं स्वतः कसं करायचं ते शिकवायचं. स्वैपाक, गोळ्या-औषधं, पांढरी काठी, रस्ता, बस.

ट्रेनिंगमध्ये दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगतात. एक, दृष्टी नसलेल्या माणसाचा हात आपण धरायचा नाही. आपलं कोपर पुढे करायचं. त्याला वाटलं तर तो धरेल. दोन, शिकवणीच्या शेवटी शिकवणाऱ्यानं अंतर ठेवून नुसतं मागे चालायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. जिवाला धोका असेल तरच मध्ये पडायचं.

मला हे दुसरं कधीच जमलं नाही. सरावात मी प्रत्येक खड्ड्याला "खड्डा!" म्हणून ओरडायचो. शेवटी आमच्या मॅडमनी मला दोन्ही हात पँटच्या खिशात घालायला लावले आणि तोंडात खडीसाखर दिली. "ही विरघळेपर्यंत बोलायचं नाही," म्हणाल्या. तेव्हापासून मागे चालायचं असलं की मी खडीसाखर सोबत ठेवतो.

विमलताई भराभर शिकल्या. त्यांना स्वैपाक येत होताच, फक्त मी तिथे नसणं आवश्यक होतं. "ताई, गॅस डावीकडे आहे," असं मी एकदा म्हणालो. "हा गॅस मी इथं ठेवला तवा तुमचं लग्न बी झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर बसा भाऊ. तुमच्यापायी माही भाकर करपून राहिली."

सगळं बरं चाललं होतं आणि एक दिवस त्या स्वतःच्याच दारापुढच्या ओट्यावरून घसरल्या. फार लागलं नाही. पण मुलीला कळलं. ज्योती सौंसरला शाळेत शिकवते. ती लगोलग आली आणि आईचे कपडे बॅगेत भरू लागली. मी तिथेच होतो.

"आई, आता बस झालं. उद्या डोक्यावर पडशीन तं मले फोन कोण करन?"

"मीच करीन. पडल्यावर तोंड थोडी बंद होते?"

"लोक काय म्हणतीन? पोरगी सौंसरात अन् माय इथं एकटी!"

"लोकायकडून मी पाणीपट्टी काढली आहे. लोक काय म्हणतात ते तू मले सांगू नोको."

विमलताईंचं घर जाम नदीच्या अंगाला आहे, पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दोन्ही काठांवरून दगड सुटतात. "दरसाल माह्या पत्र्यावर गोटे येऊन पडतात," त्या म्हणाल्या, "तरी म्या हे घर सोडलं नाही. ओट्यावरून घसरली म्हणून सोडू?"

ज्योतीनं बॅग खाली ठेवली. ती रडकुंडीला आली होती. "ठीक आहे. मंग एकटीनं सौंसरले येऊन दाखव. बस, ऑटो, माहं घर. आली तं मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही आली तं घर बंद करून माह्याकडे राहाचं. कायमचं."

"मंजूर."

ज्योती माझ्याकडे वळली. "अन् भाऊ, तुम्ही सोबत गेले तं ते एकटीनं नाही. मागं मागं बी जायाचं नाही."

"नाही जात," मी म्हणालो. "दुकानातच बसतो."

"मी बी घरीच बसीन. बसस्टँडवर घ्याले येणार नाही."

विमलताईंनी आपला तळहात पुढे केला. आम्ही दोघांनी त्यावर हात ठेवले. असा तो करार.

ठरलेल्या रविवारच्या आधीच्या दोन रविवारी मी त्यांना हा सगळा रस्ता ज्योतीला न सांगता करून दाखवला होता, दारापर्यंत. त्यांना येत होतं. मलाही ते माहीत होतं. तरी त्या रविवारी दुकानाचं शटर वर करताना मला दिसू लागलं की त्या बसच्या पायरीवरून पडल्या आहेत आणि मी इथे कोणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू आवळत बसलो आहे. मी शटर खाली केलं आणि दुपट्टा घेतला.

बस आली. कंडक्टरनं विमलताईंना पाहिलं, त्यांच्या पांढऱ्या काठीचं पुढचं टोक धरलं आणि "चला माय, चला" करत ओढायला लागला. ही चूक सगळे करतात. काठी हे त्या माणसाचं रस्ता चाचपायचं बोट असतं. ती ओढली की त्याला पुढचं काहीच कळत नाही. माझे हात खिशात आवळले गेले.

"काठी माही आहे बापा," विमलताई म्हणाल्या. "तुले पाहिजे तं दुसरी घे. सोड."

त्यानं सोडली. त्या चढल्या, दांडा चाचपला, रिकामी सीट विचारून घेतली आणि बसल्या. मी मागच्या दारानं चढून दोन सीटा मागे बसलो. तोंडात खडीसाखर टाकली.

गाडी गावाबाहेर पडली, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा लागल्या आणि माझ्या खांद्यावर थाप पडली.

"अरे, सुधाकरभाऊ!"

हे बबनराव. माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांना लांबचा नंबर मीच काढून दिला होता आणि तो अगदी बरोबर निघाला होता.

"तोंड काऊन बांधलं? दाढ दुखून राहिली काय?"

मी मान हलवली आणि गप्प बसा म्हणून डोळ्यांनी खुणावलं.

"डोळे बी आले काय?"

मी दोन्ही हात जोडले.

"बोलता बी येत नाही? मंग तं अक्कलदाढ असन. मी रामाकोन्याले चाललो, नाही तं तुमाले डॉक्टरकडे घेऊन गेलो असतो. सुधाकरभाऊ, उतरल्याबरोबर काढून टाका."

दोन सीटा पुढून, मागे न वळता, आवाज आला, "दाढ दुखत असली तं माणसानं घरी झोपून राहावं. बसमधी फिरू नाही."

"बराबर बोलल्या बाई," बबनराव म्हणाले.

खडीसाखर माझ्या घशात गेली.

मी पुढच्या फाट्यावर उतरून परत जायला हवं होतं. त्यांना कळलं होतं, मी शब्द मोडला होता, आता थांबण्यात काही अर्थ नव्हता. पण मी उतरलो नाही. सौंसरला त्या उतरताना पडल्या तर, हा विचार माझ्यापेक्षा जड होता. मी तसाच बसून राहिलो, जागच्या जागी लाजत.

सौंसरला त्या पडल्या नाहीत. व्यवस्थित उतरल्या. बबनराव समोरच उभ्या असलेल्या रामाकोन्याच्या जीपमध्ये चढून गेले. विमलताई काठी डावी-उजवीकडे फिरवत ऑटोच्या दिशेनं निघाल्या. मी खिशात हात घालून मागे. तेवढ्यात एक सज्जन त्यांच्या आडवे आले.

आमच्या भागात बसस्टँडवर पांढरी काठी दिसली की लोकांना एकच गोष्ट सुचते : हे माणूस नागपूरला डोळ्याच्या दवाखान्यात चाललं आहे. त्या सज्जनांनी ताईंची थैली स्वतःच्या हातात घेतली, दंड धरला आणि त्यांना नागपूरच्या गाडीकडे वळवलं.

"चला माय, गाडी सुटून राहिली."

"मले नागपूरले जायाचं नाही."

"भेऊ नका. आजकाल ऑपरेशन लवकर होते."

"अहो, मी पोरीकडे आली!"

"पोरगी नागपूरले राहाते का? मंग तं चांगलंच झालं."

त्यांनी थैली नागपूरच्या गाडीच्या पायरीवर ठेवली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. आता सांगतो ते मला नंतर नीट आठवलं : विमलताईंनी दंड सोडवून घेतला होता, काठी दाराच्या आडवी लावली होती आणि वसुलीच्या काळातला आवाज काढण्यासाठी श्वास भरला होता. काही बिघडलं नव्हतं. पण माझे हात खिशातून बाहेर आले. मी धावलो आणि पायरीवरची थैली उचलली.

"चोर! धरा त्याले! आंधळ्या बाईची थैली पळवून राहिला!"

ओरडली ती एक बाई. कडेला स्कूटी लावून उभी होती. उन्हाधुळीसाठी पोरी बांधतात तसा तोंडभर स्कार्फ, वर गॉगल. दुसऱ्या क्षणी माझी कॉलर दोघांच्या हातात होती.

"हा पांढुर्ण्यापासून मागं आहे," बसमधला एक प्रवासी पुढे आला. "सारखा बाईकडेच पाहून राहिला होता."

"तोंड बी बांधून आहे पाहा."

"अन् हात खिशात!"

ज्या सज्जनांनी थैली नेली होती त्यांनीच मला विचारलं, "लाज नाही वाटत?" मला वाटत होती, पण कारण वेगळं होतं.

कोणीतरी विमलताईंना विचारलं, "बाई, तुम्ही ओळखता काय याले?"

मी बोललो असतो तर सुटलो असतो. पण मग त्या एकट्या आल्या नाहीत, मागे चष्मेवाला होता, हे सौंसरभर झालं असतं. ज्योतीला कळलं असतं. पत्र्यावर गोटे झेलणारं ते घर माझ्यापायी बंद झालं असतं.

विमलताईंनी आधी माझ्याकडे तोंड केलं. मग ती स्कार्फवाली जिथून ओरडली होती तिकडे वळवलं.

"मी कोणालेच ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "मी एकटी आली. थैली द्या इकडं. ऑटो कोणीकडे आहे?"

सगळ्यांनी हात दाखवले.

"हात दाखवून राहिले असान तं मले दिसत नाही. तोंडानं सांगा."

बरेच जण उजवीकडे म्हणाले, एक-दोघे डावीकडे. त्या बहुमतानं उजवीकडे गेल्या. वळण बरोबर घेतलं, ऑटोला काठी लागल्यावर हातानं दांडा शोधला, पत्ता सांगितला. मी मनात शाबास म्हणालो. तेवढ्यात माझ्या टाळक्यात मागून एक बसली.

मला पोलीस चौकीत नेलं. आमचा भाग मध्य प्रदेशात येतो; हवालदार जबलपूरकडचा होता, शांत माणूस.

"मुँह क्यों बाँधा है?"

"दाढ... दाँत में दर्द है."

"मुँह खोलो."

त्यानं टॉर्चनं पाहिलं. "सब ठीक है," म्हणाला. "बाई के पीछे क्यों थे?"

"वो अकेली जा रही थी, इसलिए."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला ऐकू आलं. हवालदारानं कागद पुढे ओढला. "मी चष्मेवाला आहे, फोन करून विचारा," असं सांगणार होतो. पण कोणाला करणार? ज्योतीला? ताईंना? "साहब, फोन किसी को मत करना," मी म्हणालो. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"वो मैडम को बुलाओ, जिन्होंने पकड़ा."

स्कार्फवाली आत आली. मी पटकन दुपट्टा वर ओढून घेतला. बायकांसमोर चोर म्हणून उभं राहायची मला सवय नाही. ती तावातावानं बोलू लागली आणि आवाज ओळखीचा वाटू लागला. हवालदार एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता.

"पहले आप दोनों मुँह खोलो," तो म्हणाला. "आँखें मेरी ठीक हैं, फिर भी कुछ दिख नहीं रहा."

मी दुपट्टा काढला. तिनं स्कार्फ आणि गॉगल काढला.

"भाऊ, तुम्ही?"

"ज्योती, तू?"

"तुम्ही दुकानात बसणार होते ना!"

"तू घरी बसणार होतीस ना!"

ती सकाळपासून तिथे उभी होती, आई दिसली तरी हाक मारायची नाही असं ठरवून. मीही तसंच ठरवून निघालो होतो. आमच्यात फरक एवढाच, की टाळक्यात मी खाल्ली होती.

"भाऊ, खरं सांगा," ती हळूच म्हणाली. "वाटेत तुम्ही मदत केली?"

"एकदाही नाही. जी केली ती तू पाहिलीस."

हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. कागद बाजूला सारला आणि साधा प्रश्न विचारला, "और वो माताजी अभी हैं कहाँ?"

आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

स्कूटीवर मी मागे बसलो. ज्योती जोरात चालवत होती. "खड्डा!" मी म्हणालो. पुन्हा "खड्डा!" तिसऱ्याला ती ओरडली, "भाऊ, मले दिसते!"

ज्योतीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. नवरा मुलांना घेऊन लग्नाला गेलेला, आणि ही बसस्टँडवर. कुलपाखाली पायरीवर विमलताई बसल्या होत्या. काठी घडी करून मांडीवर, शेजारणीनं दिलेला चहा हातात. स्कूटी थांबली तसा त्यांनी कप खाली ठेवला.

"आली काय?"

"हो आई," ज्योती म्हणाली. "मी... भाजी आणाले गेली होती."

"कोणती?"

ज्योतीनं माझ्याकडे पाहिलं. बिचारी अडकली आहे हे मला बघवेना.

"मेथी," मी म्हणालो.

शेजारीण हसली. विमलताई हसल्या नाहीत. "मेथी बोलाले लागली काय?" त्या म्हणाल्या. "बसा भाऊ. डोक्यात लागली ती जोरात होती काय?"

"नाही ताई."

"तिघायनं हातावर हात ठेवला होता. मी एकटी येईन, ज्योती घरी बसन, तुम्ही दुकानात बसान. तिघातून एकीनं पाळलं. आता मले सांगा, एकटं कोणाले ठेवता येत नाही?"

ज्योती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली आणि रडायला लागली. "आई, मले भेव वाटत होतं गं."

"मले बी वाटत होतं. बसची पायरी किती उंच असते, माहीत आहे? तरी निघाली का नाही?" त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "दार उघड आता. भूक लागली."

जेवताना ज्योतीनं पांढुर्ण्याच्या घराचा विषय काढला तो एवढाच : ओट्याला लोखंडी कठडा लावून घ्यायचा. विमलताईंनी त्याला हरकत घेतली नाही. दुपारच्या बसनं त्या परत निघाल्या. मीही उठलो.

"तुम्ही याच्या मागच्या गाडीनं या," त्या म्हणाल्या.

मी मागच्या गाडीनं आलो. ती येईपर्यंत सौंसरच्या बसस्टँडवर बसून होतो. हवालदार दोनदा येऊन पाहून गेला.

नंतर संस्थेच्या बैठकीत मी सगळं कबूल केलं. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "त्यांच्या जिवाला धोका होता?"

"नव्हता."

"मग तुम्ही काय वाचवलंत?"

"थैली."

त्यात काय होतं, असंही त्यांनी विचारलं. ताईंनी ज्योतीकडे नेलेले ज्वारीचे पापड होते. मॅडमनी मान हलवली आणि पुढच्या ट्रेनिंगच्या तुकडीत माझं नाव पुन्हा घातलं, पहिल्या दिवसापासून. घरच्या माणसांसाठी तिथे वेगळा वर्ग असतो. त्यात ज्योतीचं नाव आहे. या कामात शिकणारा लवकर तयार होतो, शिकवणाऱ्याला वेळ लागतो. एवढंच मला यातून कळलं.

विमलताई पांढुर्ण्यातच राहतात. मनात आलं की सौंसरला जाऊन येतात, मला कळतं ते परत आल्यावर. नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना सांगायला गेलो, ट्रेनिंगला मला आणि ज्योतीला, दोघांनाही बोलावलं आहे म्हणून.

"मंग दोघं संगंच जा," त्या म्हणाल्या. "तुमच्यातून एकट्यानं जाणं कोणाले जमन, असं मले वाटत नाही."